मापाचे बूट

आबा, परवा मुलुंडच्या बाजारात बूट घ्यायला गेले होते. हल्ली सकाळी डोंगरावर जाते मी, चढ भराभर चढते, सपाटी आली की थोडं पळते. दुकानदार जाडजूड, घोट्यापर्यंतचे बूट दाखवत बसला. म्हटलं, हे घालून डोंगर चढायचा की डोंगर उचलायचा? हलके काढ. त्याने काढले आणि विचारलं, "मापाचेच देऊ ना?" तेव्हा तुमची आठवण आली. चांगली नाही.

संपात गिरणी सुटून तुम्ही वॉचमन झाला होतात, ती वर्षं. माझी शाळा चौथीतच सुटलेली. लाकडं आणायला रोज डोंगरावर जायची, अनवाणी, आणि मोळी डोक्यावर नसली की पळतच. मंडळाने डोंगर चढून उतरायची शर्यत ठेवली, त्यात पोरींचीही होती. अट एकच, पायात बूट हवेत. मी भीतभीत विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "चल." एवढंच. मला खरंच वाटेना.

अजून दिसतं, तेव्हाच्या त्या दुकानात तुम्ही शेजारी उभे आणि मी एकेक बूट हातात तोलतेय. कॅनव्हासचा एक जोड अगदी हलका, पण तळ गुळगुळीत. वाळक्या गवतावर घसरून दात पडले असते. दुसऱ्याच्या तळाला खाचा आहेत, टाच गच्च धरतो, मधे दुमडला तर दुमडतो. तोच घालून मी दुकानातल्या दुकानात पळतेय. दुकानदार तुम्हाला विचारतो, "काका, नेहमीसारखा एक नंबर मोठा ना?" आपल्याकडे तीच रीत. वाढत्या पायाला मोठा बूट, पुढे कापूस कोंबायचा, दोन-तीन वर्षं ओढायचा. तुम्ही म्हणालात, "नको. तिला आज बसतो तोच दे." आबा, मी अख्ख्या चाळीत सांगत फिरले, माझ्या आबांना कळतं, कापूस कोंबून डोंगर उतरता येत नाही. शेजारची काकू म्हणाली, "बापाची लाडकी गं!" मी मान ताठ करून हो म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी बूट घालून उभी, तर आई साडी घेऊन पुढे. पाहुणे येतायत, माझ्या लग्नाची सुपारी फुटणार म्हणे. "माझी शर्यत आहे!" मी ओरडले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. आईलाच म्हणालात, "बूट दिले म्हणून इतके दिवस त्यातच रमली, घरात काय ठरतंय ते विचारलं तरी नाही. मोठे कशाला घ्यायचे होते? पुढचे आता सासरचे बघतील." मी तिथेच होते, आबा. बूट काढून साडी नेसले.

मारलं असतंत तर चाललं असतं. "नाही" म्हणाला असतात तरी रडून गप्प बसले असते. तुम्ही लाड केलेत, तेच खुपतं. तेव्हापासून घरात कुणी प्रेमाने काही आणलं की मी आधी विचारते, "काय काम आहे?" नवरा चिडतो. पोरं हसतात. सवय जात नाही.

हे कुणाला दाखवणार नाही. तुम्ही तर वाचायला नाहीतच. पण एक सांगते. यंदा तुमच्या फोटोला हार नाही घातला. घरात म्हटलं, फुलवाली बसली नव्हती. बसली होती.