ठमीची अंडी आणि सुरतचं श्रीखंड

सोम. ९ मार्च
झालं एकदाचं. ठमीच्या पोटातून अंडी काढली, टाके नीट बसले, संध्याकाळी टाकीत पोहायलाही लागली. (बेडकीला नाव ठेवलं म्हणून विभागात सगळे हसतात. हसा.) आता चार महिने तिला हात लावायचा नाही. बाकी दोन बेडक्यांची अंडी कुचकामी, म्हणजे भिस्त सगळी हिच्यावरच.
अर्ध्या अंड्यांत मोलगीच्या भगरीच्या प्रथिनाचा आरएनए टोचला, अर्ध्यांत नुसतं पाणी, तुलनेला. सगळी अंडी गार पेटीत, अठरा अंशांवर. तीन दिवसांत अंडं ते प्रथिन स्वतःच बनवून अंगावर बसवेल. मग अंड्यात दोन काचेच्या सुया, भोवती लोहाचं पाणी, आणि करंट आत शिरतो का ते बघायचं. शिरला तर भगर मातीतलं लोह कशी ओढते ते कळेल.
करंट मोजायचं मशीन पुण्याहून उसनं आणलेलं. महिनाअखेर परत. नंतर बसा बोंबलत.

गुरु. १२ मार्च
डोकं फिरलंय.
सकाळी पेटी उघडली तर आत श्रीखंडाचे डबे! उद्याच्या तपासणी समितीसाठी सुरतहून मागवलेलं. काटा चारवर. अंड्यांच्या बशा खिडकीत, उन्हात. सगळी पांढरीफटक, डागाळलेली. एकूण एक मेली.
सुकलालभाऊ, आमचे शिपाई, दारात उभे. "मॅडम, सरनी सांगं. गरमीमा श्रीखंड खराब हुई जाई म्हने." त्यांना काय बोलणार?
सरांकडे गेले. विभागप्रमुख माणूस! तर म्हणे, "अंडीच ना? परत काढा."
परत काढा! कोंबडी आहे का ती? नवापुरात राहून यांना सगळी अंडी पोल्ट्रीचीच वाटतात.
चार महिन्यांचं सांगितलं. टाके ओले आहेत म्हटलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग उद्या स्क्रीनवर तो जुना आलेख लावा. कोण विचारतंय?"
जुना म्हणजे मशीन तपासताना घेतलेला. उंदराच्या प्रथिनाचा! तो भगरीचा म्हणून दाखवायचा? लाज कशी वाटत नाही?
जेवले नाही. संताप नुसता.

शुक्र. १३ मार्च
आलेख सरांनी स्वतःच लावला. मी मशीनपाशी खांबासारखी उभी.
समितीतल्या वयस्कर बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "ही रेषा आत्ताची?"
सर : "लाइव्ह, मॅडम! मोलगीची भगर!"
माझ्या तोंडून निघूनच गेलं. "नाही मॅडम. जुनी आहे, उंदराची. भगरीची अंडी मेली. या पेटीत तुमचं श्रीखंड होतं."
सरांचे कान लालबुंद.
बाई शांतपणे म्हणाल्या, "खरी रेषा बघायला आवडेल. महिनाअखेरपर्यंत पाठवा, मग अहवाल लिहू."
मला बरं वाटलं. मूर्ख मी. खरं बोलले की सुटले, असं वाटलं.
जेवणात श्रीखंड वाढलं. बाईंनीही खाल्लं. मी उठून गेले.

शनि. १४ मार्च
सरांचं आता एकच. "तुम्हीच तोंड उघडलंत, आता रेषा द्या." सोमवारी ठमीला परत अंडी काढायला टेबलावर घ्यायचं.
मी नाही म्हटलं. जखम भरलेली नाही, मरेल ती.
"एका बेडकीसाठी अख्खा विभाग बुडवता?"
विभाग मी बुडवला! श्रीखंड मी ठेवलं होतं पेटीत!
आणि खरं सांगू? ती रेषा मलाही हवीय. यांच्यापेक्षा जास्त हवीय. मोलगीच्या बाजारात भगर देणाऱ्या मावशी दर खेपेला विचारतात, काही निघालं का म्हणून. काय सांगू त्यांना?

रवि. १५ मार्च
सुट्टी असून गेले. ठमी तळाशी बसलेली. खाणं टाकलं, आली वर, खाल्लं. टाक्यांभोवती अजून लाल आहे.
दुपारी सरांचा मेसेज : "उद्या दहा वाजता. तुम्ही नाही केलंत तर मी करेन."
हे करणार! वनस्पतिशास्त्रात हयात गेली, बेडूक कधी हातात धरला नाही, आणि हे चाकू चालवणार!
टाकीच्या खोलीला कुलूप लावून आले. किल्ली एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये.