वासाचं फडकं

२१ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची! केळझरच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा कडेवर ठमी, दोन्ही खांद्यांना पिशव्या आणि डोक्यावर असं ऊन, की नाशिकच्या माणसानं आयुष्यात पाहिलं नसेल. इथला चौकीदार तानबा मोटरसायकल घेऊन उभा होता. माझं सामान बघून म्हणाला, ताई, घर बदलून राह्यल्या का नोकरीवर येऊन राह्यल्या. मी म्हटलं, दोन्ही.

केंद्र मात्र फार आवडलं. टेकडीच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडांत. आई मेलेली वानरपिल्लं इथे वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. सध्या अकरा आहेत. प्रमुख धनंजय सर, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. पिल्लांची खरी दाई म्हणजे मनकर्णाबाई. वय विचारलं तर म्हणाल्या, मोजलं कोनं. आणि आता मी, पशुवैद्यक पदविकावाली, सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर. मला टिनाच्या छपराची एक खोली दिली आहे आणि तिला कूलरसुद्धा आहे!

पियुष राजस्थानात सोलरच्या कामावर, दोन महिन्यांतून एकदा येतो. सासूबाई म्हणाल्या होत्या, तान्ही पोर घेऊन माकडांत राहायला कोण जातं? मी जाते. लेकरू सोबत ठेवू देणारी दुसरी नोकरी दाखवा, म्हटलं. ही टिकवायचीच. परत जाऊन त्यांचे टोमणे ऐकणं माझ्याच्यानं होणार नाही.

ठमी आज सात महिन्यांची झाली. तिचं खरं नाव सुरभी, पण या गालांना ठमीच शोभतं. हनुवटीखाली गुदगुल्या केल्या की ती आधी उचकी लागल्यासारखी थांबते आणि मग खळखळून हसते. आज मनकर्णाबाईंनी तिला दहा वेळा हसवलं.

२३ एप्रिल, बुधवार

इथले नियम पाठ केले. पिल्लांना नाव द्यायचं नाही. त्यांच्याशी बोलायचं नाही. रोज दर दोन तासांनी शेळीचं दूध. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वासाचं फडकं. नवीन पिल्लू आलं की मेलेल्या आईच्या अंगावर एक कापड चोळून आणायचं आणि जी बाई पिल्लाला सांभाळेल तिनं ते अंगावर घ्यायचं. पिल्लू चेहऱ्याला नाही, वासाला ओळखतं. फडकं धुवायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. महिनाभरानं ते जाळायचं.

मी विचारलं, जाळायचं कशाला? सर म्हणाले, जंतू. मनकर्णाबाई नुसत्या हसल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

आज बारावं पिल्लू आलं. खालच्या गावात विजेच्या डीपीवर एका वानरीला शॉक लागला. आम्ही पोचलो तोवर अर्धं गाव जमलेलं. इथे वानर गेलं की माणसासारखं करतात, हे ऐकून होते, आज पाहिलं. तिला बसवलं होतं, डोक्यावर गुलाल, अंगावर हिरवं लुगडं, पुढे भजन. उजवा पंजा जळून आखडला होता. पिल्लू पोटाला चिकटलेलं.

सरांनी मला तपासायला सांगितलं. मी स्टेथोस्कोप लावला. टाळ-मृदंग कानाशी वाजत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

माझी नारिंगी ओढणी तिच्या अंगावर चोळली, तिच्यात पिल्लाला घेतलं. दीड महिन्याचं असेल, मुठीएवढं तोंड. मग मनकर्णाबाईंनी मला पुढे केलं. त्यांच्या गावची रीत अशी, की लेकरू नेणाऱ्या बाईनं माती पडायच्या आधी आईच्या कानात शब्द द्यायचा. मला हसू येत होतं, पण वाकले. म्हटलं, तुझं लेकरू माझ्या लेकरासारखं सांभाळीन. तिच्या कानाजवळची लव हलली. माझाच श्वास असेल.

टेकडीवरच्या मारुतीमागे पुरलं. तेरवी, म्हणजे तेरावा, ६ मे रोजी, सगळ्या गावाला जेवण.

२६ एप्रिल, शनिवार

नियम मोडला. पिल्लाचं नाव बारकू ठेवलं. कोणाला सांगणार नाही.

दुसराही मोडला. ठमीला दात येताहेत, दिवसभर किरकिर. काल दोघं एकदम रडायला लागली, तेव्हा मी दोघांना मांडीवर घेऊन तीच ओढणी वरून पांघरली. काय सांगू, दोघं गप! आता ठमीला त्या ओढणीशिवाय झोपच येत नाही. मनकर्णाबाईंनी पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, तुह्या पोरीले तो वास नको लावू व माय. मी म्हटलं, वासच तर आहे.

२८ एप्रिल, सोमवार

हे कुठेतरी लिहायलाच हवं. कोणाला सांगता येणार नाही.

बारकू गेला. माझ्यामुळे गेला.

दुपारी ठमी तापानं फणफणली होती. जरा डोळा लागला की बारकू चिरकायचा आणि ती दचकून उठायची. मी त्याला टोपलीत घालून बाजूच्या कोठीत ठेवलं आणि कडी लावली. दहा मिनिटांसाठी, देवाशपथ दहाच मिनिटांसाठी. ठमीला घेऊन कूलरपुढे आडवी झाले. उठले तेव्हा साडेचार वाजले होते. बारा ते चार त्या कोठीच्या टिनाला हात लावता येत नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं ना!

तो दाराशी आला होता. फटीत बोटं अडकली होती.

पोत्यात गुंडाळून कोठीमागे पुरला. सरांना सांगितलं, सकाळपासून हगवण होती, वाचला नाही. ते म्हणाले, लहान होतं, तुम्ही खूप केलंत. मी त्यांच्यासमोर रडले. ते रडणं खरं होतं.

मनकर्णाबाई आल्या. फक्त ओढणी मागितली, जाळायला. मी देणार होते, पण ठमीच्या अंगावरून काढली तर पोर निळी पडेपर्यंत रडली. राहू दिली.

३० एप्रिल, बुधवार

दुपारी बारा वाजता पिंजऱ्यातली अकराच्या अकरा पिल्लं भिंतीकडे तोंड करून बसली. आवाज नाही, हालचाल नाही. चारला उठली आणि जेवली. सर म्हणाले, उन्हानं.

कुंपणाबाहेरच्या मोहावर वानरांचा कळप असायचा, तो दोन दिवस आलेला नाही.

१ मे, गुरुवार

आजही बारा ते चार तसंच. मी बाहेर आले तर कोठीच्या छपरावर एक वानरी बसली होती. एकटीच. त्या तापलेल्या टिनावर, जिथे कावळाही टेकत नाही.

ती माझ्या खोलीच्या खिडकीकडे बघत होती. मी टाळी वाजवली, खडा मारला. खडा लागला. ती हलली नाही.

तिच्या डोक्यावर गुलाल होता.

संध्याकाळी तानबाला विचारलं, गुलाल लावलेली वानरं असतात का इकडे? तो म्हणाला, एखाद्या देवळात कोन्या पोरानं टाकला असंल. मग म्हणाला, ताई, बारा ते चार आपन वर पाहत नसतो. काऊन, ते इचारू नका.

२ मे, शुक्रवार

खिडकीच्या चौकटीवर गुलालाचे पंजे. सगळे डाव्या हाताचे. उजव्याचा एकही नाही.

कोठीमागे जाऊन पाहिलं. बारकूचा खड्डा उकरलेला. कुत्र्यांनी उकरला असता तर पोतं फाटलं असतं. पोतं नीट बाजूला काढून ठेवलं होतं. रिकामं.

मग टेकडीवर गेले. तिच्या जागेवरची माती खचली आहे, मधोमध, ढोपरभर. तिथला पुजारी म्हणाला, माती बसते.

मी स्टेथोस्कोप लावला होता. पण त्या टाळ-मृदंगात मला काय ऐकू येणार होतं? थांबा म्हणायला हवं होतं. सगळे बघत होते, मी नवी होते, मला लाज वाटली. ती आतमध्ये किती वेळ—

नको.

३ मे, शनिवार

मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. कोठी, कडी, स्टेथोस्कोप, सगळं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, मले मालूम होतं व. ते मारायले नाई येऊन राह्यली, लेकरू न्यायले येऊन राह्यली. अन् आता तिचा वास कोनाच्या अंगाले हाये?

मी ठमीकडे बघितलं. ओढणीचं टोक तोंडात धरून झोपली होती.

त्यांनी उपाय सांगितला. तेरवीला तिच्या जागेवर पत्रावळ मांडतील. त्याआधी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, खरं सांगायचं. शब्द मोडला म्हणायचं. लेकरू माझ्या हातनं गेलं म्हणायचं. मग ते वापस जाईल. घाबरू नको, मी हाये संगं, म्हणाल्या.

सगळ्यांसमोर म्हणजे सरांसमोर.

४ मे, रविवार

ओढणी चुलीत घातली. ठमी तासभर रडली, मग अंग ताठ करून श्वासच घेईना. चुलीतून ओढून काढली. एक कड जळली आहे. तोंडाशी धरताच पोर हसली. माझं दूध घेत नाही. वर छपराकडे बघते आणि हात करते.

पियुषला फोन केला. म्हणाला, ऊन लागलंय तुला, लिंबूपाणी पी. हसला मेला.

५ मे, सोमवार

आज ती खिडकीच्या गजांशी होती. हातभर अंतरावर. अंगावर हिरव्या लुगड्याची चिंधी. तोंड उघडं. आत माती. दात दिसत नव्हते, नुसती माती.

तिनं कुशीत काहीतरी धरलं होतं. सुकलेलं. ते छातीशी लावून थोपटत होती.

ठमीच्या कपाळावर गुलाल. खिडकी बंद होती. दारही बंद होतं.

उद्या सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे. सासूबाई काय बोलायचं ते बोलू देत. उद्या नक्की सांगते.

६ मे, मंगळवार

सांगितलं नाही.

सगळं गाव होतं. पत्रावळ मांडायच्या आधी मनकर्णाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी पुढे झालेसुद्धा. तेवढ्यात सर बोलायला उठले. म्हणाले, या माधवीताईंनी पोटच्या पोरीसारखं त्या पिल्लाला जपलं, यांना आपण इथे कायम करतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडून आभार निघाले. एवढंच. आभार.

मनकर्णाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तोंड फिरवलं.

पत्रावळीला कोणी शिवलं नाही. एरवी वानरं तुटून पडतात म्हणे.

ठमीला घेऊन पळत खाली आले. चारला तानबा येईल, मिळेल त्या गाडीनं नाशिकला. आता पाऊण वाजलाय. सगळे वर जेवताहेत, इथे मी आणि ठमीच.

— एक वाजून दहा

वीज गेली. दार-खिडकी लावलीये, दारापुढे कपाट सरकवलंय. मागच्या झरोक्यात पाट ठोकला. तेवढ्यापुरतंच ठमीला खाटेवर ठेवलं होतं. तेवढंच. आता मांडीवर आहे, ओढणीत गच्च गुंडाळलेली. अंधार आहे, फटीतून येणाऱ्या उजेडात लिहितेय. लिहीत राहिले की वर लक्ष जात नाही.

— दीड

वरती टिनावर पावलं होती. थांबली.

ठमी शहाणी झाली आज. रडली नाही. दूधही मागितलं नाही. छान झोपलीये.

— पावणेदोन

चारला तानबा येईल. सरांना फोन करून सांगेन, सगळं सांगेन, देवाशपथ. वर जाऊन ओरडून सांगेन. फक्त चार वाजू देत.

ओढणीला मातीचा वास येतोय. सकाळी टेकडीवर, वानरीच्या जागेजवळ, मातीला टेकली असेल.

पोर हलकी लागतेय. दोन दिवस प्यायली नाही ना, म्हणून—

— दोन

टिनावर कोणीतरी बसलंय. अगदी माझ्या डोक्यावर. थोपटल्याचा आवाज येतोय, हळू, एकसारखा.

मी म्हटलं होतं, माझ्या लेकरासारखं. तिनंही तेच—

हसलं कोणीतरी. वर.

आधी उचकीसारखं थांबून, मग खळखळून. हनुवटीखाली गुदगुल्या केल्या की—

ठमी हसतेय. वर हसतेय. माझी ठमी छपरावर—

मग माझ्या मांडीवर हे