वेळ उरल्यास पाणबुडी

रत्नागिरी,
नवरात्रातला सोमवार

आदरणीय बाबूभाऊजींना मेहुण्या विठूचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, सगुणाताईचं ब्लडप्रेशर आणि पावसची आंब्याची कलमं ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. चौकशीला फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मग मी तुमच्याशी बोललो असं होत नाही, अख्ख्या पावस गावाशी बोललो असं होतं. म्हणून कागद घेतला. आमच्याकडे क्षेम आहे. कारखान्यात बर्फ वेळेवर गोठतो, मिरकरवाड्याच्या बोटी समुद्रात जाऊ लागल्यात, आणि ज्याने सायकलला गोणपाट बांधून बर्फ विकला त्याला याहून जास्त काय हवं?

तर विषय असा, की दिवाळी आटोपली की विशाखापट्टणमला जायचं घाटतंय. मोहोराची धावपळ सुरू व्हायच्या आत परत. तिथे एकाहत्तरच्या लढाईचं स्मारक आहे आणि किनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडी आणून ठेवली आहे, आत शिरून बघता येते. हे तुम्हाला मी काय सांगणार? त्या लढाईत तुम्ही त्याच पाणबुडीत कुक होता. तुमच्याकडून फक्त सल्ला हवा आहे. (पाणबुडीचं नाव निघालं की तुम्ही कलमांना पाणी घालायला उठता, भर पावसाळ्यातसुद्धा, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आग्रह मुळीच नाही.)

पहिल्या बैठकीला आम्ही चौघं होतो: मी, विमला, सूनबाई सानिका आणि शेजारचा दीपक. (दीपकला कोणी बोलावलं नव्हतं. त्याला बैठकीचा वास येतो.) त्या दिवशी स्मारक आणि पाणबुडी एवढंच ठरलं होतं. दुसऱ्या बैठकीत विमलाने सिंहाचलमचं देऊळ घातलं, कारण एवढ्या लांब जाऊन देवाला न भेटणं बरं दिसत नाही. तिसऱ्या बैठकीत दीपक म्हणाला, त्याच बाजूला आहे तर जगन्नाथपुरी पण उरकू. नकाशात ते वीतभरच दिसतं, हे खरं. मग सानिकाला डोंगरातल्या गुहा हव्या झाल्या, आणि दीपकच्या बायकोने घरातूनच निरोप पाठवला की तिकडच्या साड्या चांगल्या असतात. पाचव्या बैठकीत सगळं वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, असं निघालं: ‘वेळ उरल्यास पाणबुडी.’ स्मारक कुठे गेलं ते कोणालाच सांगता येईना. दीपक म्हणाला, ते रिक्षातून जाता जाता दिसेल.

त्यात जेवणाचा वाद. तिकडे भात मिळतो हे विमलाला मान्य आहे, पण तो आपला भात नव्हे. म्हणून तांदूळ, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे बरोबर घ्यायचे ठरले. बांगडे एसीच्या डब्यात नेले तर शेजारचे प्रवासी काय म्हणतील असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं की म्हणायला ते जागेवर राहिले तर ना.

एवढं झाल्यावर विमलाने कौलाचा विषय काढला. देवीला विचारल्याशिवाय आपल्याकडे विहीर खणत नाहीत, मग विशाखापट्टणम कसं होईल? देवळात गेलो. गुरवाने देवीला दोन्ही अंगांना कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला घेतलं, तोच दीपकने मध्ये तोंड घातलं. गाडीचं तिकीट पक्कं होईल का, हॉटेलात गरम पाणी असेल का, पुरीला गर्दी किती असेल. गुरव वैतागला. म्हणाला, “एका वेळी एकच विचारा. देवी आहे, चौकशीची खिडकी नव्हे.” मग त्याने सरळ विचारलं, ही मंडळी जातायत त्यांनी जावं का? डावी कळी टपकन पडली. म्हणजे नाही. सानिकाची रजा मंजूर झालेली, विमलाचा चेहरा पडलेला. मी पुढे झालो आणि हळूच म्हटलं, आमचे बाबूभाऊजी बरोबर असले तर? माझं वाक्य संपतंय तोवर उजवी पडली. (ती मघापासून देठावर लोंबत होती, हे मी पाहिलं होतं. पण देवीच्या कामात आपण कशाला बोला?)

तर अशी गंमत. सल्ला सवडीने कळवा. कलमांना जपा, गुडघ्यांना त्याहून जपा.

तुमचा,
विठू

ता. क. तुमचं तिकीट काढलं आहे. खालचा बर्थ. तुम्ही नाही आलात तर देवीच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही आणि सगळी मंडळी घरी बसतील, एवढंच. दडपण घेऊ नका.

आणखी ता. क. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. मासळीच्या लिलावात पलीकडच्या व्यापाऱ्याची कुजबुज ऐकूनच मी वर आलो. गौरीच्या सणाला ताई आली होती तेव्हा ती आणि विमला आत नारळ खोवत होत्या. ताई म्हणाली, “लढाईत म्हणे अख्ख्या बोटीला जेवू घातलनी. घरात कधी चहाचं आधण ठेवलनी नाही. ती चूल कुठे होती, ती मला एकदा बघायची आहे.” विमला हसली. ताई हसली नाही. म्हणाली, “तेव्हा मी जेवायला बसले की वाटायचं, सगळ्यांना वाढून ह्यांच्यासाठी काय उरत असेल.” मग सांगत का नाहीस, असं विमलाने विचारलं. तर म्हणे, मी कशाला सांगू, त्यांनी विचारलं तर जाईन.

शेवटचं. ताईचंही तिकीट काढलं आहे, पण ते तिला मी सांगणार नाही. आज जेवताना तुम्हीच विचारा, येतेस का म्हणून. आधी नाही म्हणेल, घर कोण बघेल म्हणेल. दोनदा विचारा. बेत विमलाकडून तिच्या कानावर गेलाच आहे; आमचा बर्फाचा गाडीवाला परवा तुमच्या दारावरून गेला, तेव्हा तिचा स्वेटर उन्हात घातलेला होता. विशाखापट्टणमला तेवढी थंडी नसते, हे तिला इतक्यात सांगू नका.