बंड्याच्या पेटीतली नववी ओळ

अहो,

लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. सातपूरला कारखान्यात जायचं आणि घरी यायचं, लांब गेलात कधी? आता गेलात ते असे! आज लिहितेय, कारण सकाळी मी बंड्याची पेटी उघडली.

बंड्याचं नख पिंजऱ्याच्या तारेत अडकून तुटलं. मुठीएवढा तो पोपट, आणि रक्त थांबेना! सुनंदा रडायलाच लागली. "आई, बाबांची पेटी काढ ना!" माझा हात पुढे होईना. त्या पेटीला शिवायची आम्हाला मुभा होती कुठे?

तुम्ही ती केलीत तेव्हा केवढी हसले होते मी! बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर लाल रंगाची फुली. आत कापूस, चिमटा, ड्रॉपर, ग्लुकोज, मैद्याची पुडी, मोडक्या पायाला बांधायला काडेपेटीच्या काड्या, गुंडाळायला तुमच्या जुन्या बनियनचा तुकडा. झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली, थेट कारखान्यासारखी. "लेकीला ताप आला की थर्मामीटर सापडत नाही, आणि पोपटाचे हे लाड!" असं मी म्हटलं, तर म्हणालात, "पेटी एकाच्याच ताब्यात पाहिजे, नाहीतर ऐन वेळी चिमटा गायब." शिफ्टमध्ये फर्स्ट-एड तुमच्याकडे, म्हणून घरातही तोच कायदा. पिंजऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलीत, आणि दर सुट्टीला एकटेच उघडून तपासायचात.

आज मी यादी वाचली. चौथी ओळ, "नखातून रक्त आल्यास मैदा दाबून धरणे." धरला. थांबलं हो रक्त! बंड्याला बनियनमध्ये गुंडाळून हातात धरलं होतं, आणि मी सहज पुढे वाचत गेले. नववी ओळ, "छातीत कळ आल्यास गोळी जिभेखाली, ताबडतोब."

मला आधी हसूच आलं. पोपटाच्या छातीत कसली कळ? मग कापसाखाली गोळ्यांची पट्टी दिसली, आणि घडी घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर तुमचं नाव. पट्टीतल्या दोन गोळ्या संपलेल्या.

दोन! म्हणजे आधी दोनदा दुखलं होतं, आणि मी इथेच पोळ्या लाटत होते?

तुम्ही गेलात त्या सकाळी, कामावर निघता निघता मोरीच्या उंबऱ्यावर बसलात. घामाने नुसते भिजलेले. तोंडातून शब्द फुटेना, हात मात्र पिंजऱ्याकडे दाखवत होतात. मला वाटलं, बंड्याला बघायचंय. अहो, मी पिंजरा आणला! पेटीच्या खालून काढून तुमच्यापुढे ठेवला आणि वर म्हणाले, "हा बघा, बरा आहे तो." तुम्ही मान हलवलीत. 'नाही' म्हणत होतात ना? मला ते आज कळतंय.

कशाला लपवलंत? माहितीय मला. "कुमुदला कळलं की अर्धी पंचवटी दारात," हे तुमचं ठरलेलं. हो, केला असता मी बोभाटा! जाऊबाईंना, भाऊजींना बोलावलं असतं, तुमची सायकल कुलपात ठेवली असती. तुम्ही वैतागला असतात. पण असतात तरी! एवढा राग आलाय तुमचा, कुणावर काढू तो?

दुपारी डॉक्टरांकडे जाऊन आले. गोळी मिळाली असती तर? "सांगता येत नाही, वहिनी," म्हणाले, आणि टेबलावरचे कागद लावत बसले.

संध्याकाळी पेटी खाली काढून ओट्यापाशी ठेवली. सुनंदाकडून यादी मोठ्याने वाचून घेतली, नवव्या ओळीसकट. ती ओळ मी खोडणार नाही. पण शब्द देते तुम्हाला, ही पेटी आता कुणा एकाच्या ताब्यात राहणार नाही. आणि माझं कुठे जरा जरी दुखलं ना, तर मी ओरडून सांगेन. अर्धी कशाला, सगळी पंचवटी दारात येऊ दे.

तुमची,
कुमुद