हे लाल काहून येऊन राहिलं

बा, तू गेलास तेव्हा आपल्या गावात फोन एकट्या पोस्टात होता, त्यामुळे मोबाईलवरचा खेळ म्हणजे काय हे तुला आधी सांगावं लागेल. यात प्रत्येकाला एक लहानसं बेट मिळतं. त्यावर आपण घर बांधायचं, झाडं लावायची, जनावरं पाळायची. खरं काहीच नसतं, काचेवरची चित्रं सगळी. पण कुठकुठची माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी तो खेळतात आणि एकमेकांशी लिहून बोलतात. लेक दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा जाताना तिनं हा खेळ माझ्या फोनमध्ये टाकून दिला. फोनवर आमचं बोलणं "जेवली का", "हो, तुम्ही?" याच्या पुढे सरकत नसे. खेळात मात्र ती माझ्या बेटावर येते, हिंडते, लिहिते, "पप्पा, विहिरीला चिकटून कोणी आंबा लावते का?" तुझी सून म्हणते, बरं आहे, लेकीशी बोलणं तरी होतं. ऑफिसात डब्याच्या वेळी मी मोबाईल काढला की शेजारच्या टेबलावरचा विचारतो, "काय गा, बेटाचा सातबारा झाला का नावावर?" मी हसतो. पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढं हसू परवडतं.

या खेळात बाजारही आहे. वस्तूला वस्तू. दोघांनी आपापली वस्तू समोर मांडायची, दोघांनी 'मंजूर' दाबलं की अदलाबदल होते. कोणाला फारच कमी मिळत असेल तर त्याच्या, फक्त त्याच्याच, फोनवर एक लाल पट्टी येते, की सौदा बरोबरीचा दिसत नाही, तरी पुढे जायचं का? तुझ्या काळच्या बैलबाजारात अशी पट्टी असती तर अर्धे दलाल घरी बसले असते.

लेकीला एक निळा कंदील हवा होता. खेळ नवा होता तेव्हा एका दिवाळीला तो काही जणांना फुकट मिळाला आणि नंतर पुन्हा कधी निघाला नाही. आता त्याच्या बदल्यात लोक अख्खं बेट रिकामं करायला तयार असतात. वर्षभर ती त्याबद्दल बोलत होती, आणि तिचा वाढदिवस जवळ आला होता. मागच्या महिन्यात एका रविवारी मी बाजारात गेलो, तर एका बाईनं तोच कंदील मांडून ठेवलेला. सोबत लिहिलं होतं की हा घ्या आणि मला पांढरा घोडा द्या. पांढरा घोडा, बा, पंधरा दिवस चारा घातला की कोणाच्याही बेटावर तयार होतो. माझ्याकडे तीन होते.

तिला कंदिलाची किंमत माहीत नव्हती हे उघड होतं. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलंही, की ती इथंच नागपुरात, महाल भागात राहते, पाय मोडून घरी बसली आहे, आणि भाचीनं कंटाळून आपलं जुनं बेट तिला देऊन टाकलं आहे. मी घोडा मांडला. तिनं कंदील मांडला. मी मंजूर दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "हे लाल काहून येऊन राहिलं?"

त्या गर्दीत सगळे इंग्रजी नाहीतर हिंदी झाडतात. तिथं 'का' नाही, 'काहून' दिसलं आणि मला आपली ओसरी दिसली. तीस वर्षं झाली मला नागपुरात. पहिल्या वर्षीच साहेबानं माझ्या 'मले-तुले'वर सगळ्या ऑफिसला हसवलं होतं, तेव्हापासून मी बोलतो ते पुस्तकातलं. तुला हे लिहितोय तेही त्याच भाषेत, कारण लिहायला मला दुसरी येत नाही. पण त्या बाईला मी उत्तर दिलं ते तुझ्या बोलीत. "सगळ्यांले येते जी. दाबून द्या." बोटं आपोआप तिकडे वळली असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. आधी मी 'सगळ्यांना येते' असं लिहिलं होतं. ते पुसलं, आणि मग हे लिहिलं.

तिनं दाबलं. "थँक्यू जी, लय सुंदर घोडा आहे," असं म्हणाली. वाढदिवसाला मी कंदील लेकीला दिला. तिनं लगेच फोन केला, खेळात नव्हे, खरा, आणि किती तरी वेळ बोलत राहिली. मी कंदील कसा मिळवला ते तिनं विचारलं. मी म्हटलं, एका बाईला घोडा हवा होता. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तर लुटलं तिले." हसली. मग म्हणाली, "जाऊ द्या, तिनं हो म्हटलं ना. सगळे असंच करतात. खेळ आहे तो." पट्टीचं मी सांगितलं नाही. चार दिवसांनी त्या बाईचा निरोप आला. शिवी नाही, तक्रार नाही. "भाची लय रागावली मले. तुम्ही आपल्याकडचे वाटले म्हणून दाबलं."

तेव्हापासून मला तो बैल आठवतो आहे. बैलबंडीची भाडी बंद झाली आणि तू जोडी विकायला काढलीस ते वर्ष. एक विकला गेला होता. दुसरा उरला, पाण्यात बसायचा तो. नाल्यात पाय पडला की बसायचा आणि उठायचा नाही. तुला ताप होता म्हणून सावनेरच्या बाजारात मी एकटा गेलो, सतराव्या वर्षी, मिशीवर हात फिरवत. एका म्हाताऱ्यानं दात पाहिले, खूर पाहिले, आणि विचारलं, "काही खोड?" मी म्हटलं, "काही नाही." घरी आल्यावर तुला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. तू खाटेवर उठून बसतोस. "त्यानं इचारलं होतं का तुले?" मी म्हणतो, हो. "मंग?" एवढंच. मी म्हणतो, बा, बाजारात कोण सांगते आपल्या बैलाची खोड? तू म्हणतोस, "नाई इचारलं तर तुहं तोंड तुह्यापाशी. इचारलं का सांगा लागते." विहारात आपण दर पौर्णिमेला पंचशील म्हणत असू, पण चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मला कळलं ते तापलेल्या माणसाच्या या एका वाक्यानं.

दुसऱ्या दिवशी ताप असताना तू दावं खांद्यावर टाकलंस, मला पुढे घातलंस आणि आपण दोन कोस चालत त्या म्हाताऱ्याच्या गावी गेलो. त्याच्या दारात चार माणसं बसली होती. तू म्हणालास, "माह्या पोरानं खोटं सांगतलं. बैल पाण्यात बसते. पैसे आणले, बैल नेतो." म्हाताऱ्यानं बिडीचा झुरका घेतला. मग म्हणाला, "आमच्या वाटेत नालाच नाही गा. राहू द्या त्याले." लोक हसले. मीही हसलो, सुटलो म्हणून. तू हसला नाहीस. आपण रिकामं दावं घेऊन परत आलो आणि तू ते गोठ्यात पुन्हा खुंटीला टांगलंस. मी तेव्हा ठरवलं होतं की म्हाताऱ्यानं बैल ठेवून घेतला म्हणजे आपण उगाच गेलो. आता वाटतं, बैलाचा काय तो निकाल लागला, पण माझ्या 'काही नाही'चा लागलाच नाही.

तुझा नियमही मला पूर्ण पटत नाही, बा, हे इतक्या वर्षांनी सांगतो. न विचारलेलं सांगायचं नाही, यात किती लबाडीला जागा आहे हे तुलाही ठाऊक असणार. त्या बाईनं विचारलं नसतं तरी मी तिला लुटलंच असतं. पण मी तर तुझ्या त्या सैल नियमातही बसत नाही. गेल्या पौर्णिमेला विहारात चौथ्या शीलापाशी माझा आवाज खाली गेला. शेजारच्याला वाटलं, घसा बसला. त्यानं खिशातली लवंग काढून दिली. मी खाल्ली.

आज सकाळी मी लेकीला लिहिलं की कंदील थोडा वेळ परत दे. कारण दिलं नाही. परत द्यायचा म्हणजे तोही सौदाच. मी माझ्या बाजूला काहीच मांडलं नाही, आणि म्हणजे तिच्या फोनवर लाल पट्टी आलीच असणार. मी वाट पाहत होतो की ती विचारेल. विचारलं असतं तर सगळं सांगायचं ठरवलं होतं, तुझ्या बोलीतलं ते उत्तरसुद्धा. तिनं क्षणात दाबलं. "घ्या पप्पा."

मग मी त्या बाईला गाठलं आणि कंदील तिच्यासमोर मांडला. घोडा ठेवा म्हटलं. या वेळी लाल पट्टी माझ्या फोनवर आली, मी दाबली. कंदील तिच्याकडे गेला. बऱ्याच वेळानं तिनं एक शब्द लिहिला, "काहून?"

तो शब्द सकाळपासून तसाच आहे. तिनं विचारलं आहे, म्हणजे सांगावं लागेल. लेकीनं विचारलं नाही, म्हणजे तुझ्या हिशेबानं माझं तोंड माझ्यापाशी, आणि कंदील गेला हे तिला कळेल तेव्हा काय ते होईल. आता दुपारचे तीन वाजले. तुझी सून दोनदा चहाला हाक मारून गेली. त्या बाईला चार ओळी लिहायच्या होत्या, आणि त्या टाळायला मी तुला एवढं लिहिलं, कारण तू विचारणार नाहीस.