गोदामाईची सीलबंद ओटी

काकिनाडा, ५ मे २०२६

ती. कारभारीमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर तुम्ही मलाच ऐकवता, म्हणून पत्र. गोदावरी समुद्राला मिळते तिथलं प्लास्टिक आम्ही तपासतोय. नदीला, समुद्राला माणसासारखे हक्क द्यावेत का, यावर अहवाल द्यायचाय. काल जाळ्यात एक सीलबंद पाकीट आलं. आत खण, हळकुंड, बांगड्या आणि वर ठळक अक्षरांत 'कारभारी पूजा भांडार, पुणतांबा'. सोबतचे लोक अजून हसताहेत.

मला हसू येईना. बाळंतिणींच्या वारेतही प्लास्टिकचे कण सापडतात, आणि मला सहावा लागलाय. भीती वाटते. अधिक महिन्याच्या गर्दीआधी ही पाकिटं बंद करा. मामीला नमस्कार. लोभ पाकिटात न भरता वाढवावा.

आपली भाची,
दिपाली

पुणतांबा, २१ मे २०२६

चि. सौ. दिपालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपण रस्त्यावर बसतो, आणि आपलं पाकीट सगळी धरणं ओलांडून थेट समुद्रात गेलं. तुझं पत्र लॅमिनेशन करून दुकानात लावलंय.

हक्कांचं म्हणशील, तर घाट समितीचा अध्यक्ष म्हणून मी तो ठराव एकमताने करून घेतला. गोदामाईला माणसाचे सगळे हक्क दिले. मग माणसाचा करतात तसा सत्कारही केला. शाल-श्रीफळ पात्रात सोडलं. शाल भिजू नये म्हणून पिशवीतूनच दिली. माईला चार शब्द बोलायचे असतील तर, असं गोरक्ष पुजारी विचारत होता. आभार मीच मानले.

पाकिटं मात्र बंद होणार नाहीत. अधिकात बायका दोन-दोन नेतात. प्रकृतीला जप, मामाचा अभिमान बाळग.

तुझा मामा,
कारभारी

पुणतांबा, २५ मे २०२६

चि. सौ. दिपालीस,
अनेक आशीर्वाद.

यांनी तुझं पत्र भिंतीला लावलं, म्हणून मला वाचायला मिळालं. वारेचं पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी सुखरूप सुटका व्हावी म्हणून अधिक लागल्यापासून मी रोज एक पाकीट माईला वाहत होते. सात झाली. बाळासाठी मागायचं आणि त्याच्याच वाटेवर कचरा सोडायचा, असं माझ्या हातून झालं. फार रडले ग.

काल दुकानातली सगळी पाकिटं ओट्यावर बसून फोडली. बायकांना खण-तांदूळ सुटेच देते. हे संतापले, म्हणाले की माईने कधी नको म्हटलं का. मी सांगितलं, की तिला तुम्ही कधी विचारलंत. आता यावर बैठक बोलावणार आहेत.

तू बाळंतपणाला इकडे ये. पाणी इथलंही तसलंच आहे. पण ते घाण करणारी एक बाई तरी कमी झालीय.

लोभ असू दे, रागही असू दे.

तुझी मामी,
विजयमाला