‘लिहून झालं’ असं डिस्क म्हणालीच नव्हती

सर, तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एकच तक्रार आहे. तुम्ही आम्हाला खरं काय ते शिकवलंत आणि नंतर आमच्याच हातून खोटं करवून घेतलंत. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही.

सातपूरच्या त्या कारखान्यातली कॉम्प्युटरची थंडगार खोली मला अजून दिसते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात आहे, बाहेर चपला काढून आम्ही आत येतो, आणि तुम्ही फळ्यावर डिस्कच्या ड्रायव्हरचं काम समजावताय. ड्रायव्हर म्हणजे आपले प्रोग्राम आणि डिस्क यांच्यातला निरोप्या. "कँटीनमध्ये चहा सांगितला म्हणजे चहा आला का रे? डिस्क आधी म्हणते, हुकूम मिळाला. मग म्हणते, लिहून झालं. किंवा म्हणते, लिहिता आलं नाही, आणि का ते सांगते. निरोप्यानं यातला एक शब्दही गाळायचा नाही. नुसतं ‘एरर’ म्हणणारा ड्रायव्हर म्हणजे नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणणारा रोगी." त्या दिवशी मी तुमच्यावर जीव ओवाळून टाकला असता. मी गेटवर युनियनची भाषणं करायचो म्हणून तुम्ही मला पुढारी म्हणायचात. त्याचाही मला अभिमान वाटायचा.

मग मुंबईहून मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. प्रत्येक नोंदीनंतर पडद्यावर ‘थांबा’ यायचं, डिस्कचं उत्तर येईपर्यंत ऑपरेटर हातावर हात ठेवून बसायची. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिलात. "पुढारी, हुकूम मिळाला की लगेच ‘नोंद झाली’ दाखव. पुढचं उत्तर बघत बसू नकोस."

"सर, आणि लिहिता आलं नाही तर?"

"कितीदा होतं तसं? पाहुणे गेले की पूर्ववत करू."

पाहुणे गेले. पूर्ववत काहीच झालं नाही, कारण काम भराभर होतंय म्हणून तुमची पाठ थोपटली गेली होती. डिस्क जुनी होत चालली होती. मागून येणारं तिचं ‘लिहिता आलं नाही’ ऐकायला कोणी उरलंच नव्हतं.

आणि एका सोमवारी बदली कामगारांची आठवडाभराची हजेरी डिस्कवर सापडली नाही. आपल्याकडे नियम होता, पडद्यावर ‘नोंद झाली’ आलं की ऑपरेटरनं रजिस्टरात बरोबरची खूण करायची. सायखेड्याहून एसटीनं येणाऱ्या आपल्या ऑपरेटर ताईंनी सगळ्या खुणा केल्या होत्या. म्हणजे नोंद न करताच खुणा केल्या, असा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीला आपण तिघं आणि पर्सोनेल खात्याचे साहेब.

"मशीननं झालं म्हटलं, मंग मी खूण केली. माझं काय चुकलं, सायेब?" ताई माझ्याकडे बघून बोलत होत्या.

"मशीन खोटं बोलत नाही, बाई," तुम्ही म्हणालात.

"मंग मी बोलते का खोटं?"

ताईंना कामावरून काढलं. दोन लेकरांची आई, घरात एकटी मिळवती.

सर, मशीन खोटं बोललं नव्हतंच! ते बिचारं प्रत्येक वेळी खरं सांगत होतं, आपण त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं. हे तुम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ड्रायव्हर गुपचूप पूर्ववत करायला सांगितलंत, आणि नवी डिस्क मागवलीत. गंगापूर रोडवरच्या तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्या सचोटीवर बोलले. मी तडक उठून बाहेर आलो, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होतो.

आयुष्यभर मी व्यासपीठांवरून ही गोष्ट सांगत आलो. वरिष्ठ कसे खोटे वागतात, गरिबाच्या माथी कसं मारतात, हे ऐकून लोक टाळ्या वाजवतात. पण तो ड्रायव्हर कोणी लिहिला, आणि चौकशीत तोंड उघडता आलं असतं असा तिसरा माणूस कोण होता, हे मी एकाही सभेत सांगितलेलं नाही. माझी नोकरी तेव्हा नवी होती, सर.

तुम्हाला पत्र लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही ते वाचणार नाही. ताई अजून सायखेड्यालाच असतात. त्यांचं घर मला माहीत आहे.